तीन पायांचा मोर

एक होता राजा. फार मोठा राजा नव्हे हं, उगाच डोळे मोठे करू नका. गावाएवढंच त्याचं राज्य. सकाळी उठायचा, मुकुट घालायचा आणि स्वतःच म्हशीला वैरण टाकायला जायचा. एकदा मुकुट गव्हाणीत पडला तर म्हशीनं त्याचा एक तुरा खाल्ला. तेव्हापासून मुकुट एका बाजूनं बोडका.

त्याला होती एक राणी. आणि खूप वर्षांनी त्यांना झाली एक मुलगी. गोरी का सावळी ते विचारू नका. दोन गाल होते आणि दोन्ही फुगलेले. मग राजवाड्यात बारशाची गडबड उडाली. पाय पोटाशी घे रे अद्वय, चार्वीचं पांघरूण ओढू नकोस. हं, तर बारसं. बारशाला बाळाचं नाव कोण ठेवतं? आत्या. बाळाच्या कानात कुर्र्र करून नाव सांगायचं ते आत्यानं, आणि मग बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. रीतच आहे ती. का ते मला विचारू नका, मीही दोनदा खाल्लेत.

राजाला एकच बहीण. धाकटी. बकुळा तिचं नाव. लग्न होऊन सात डोंगरांपलीकडे निंबापूरला गेलेली. राजानं तिला चिठ्ठी लिहिली, चिठ्ठीला हळदकुंकू लावलं. 'बकुळे, तुला भाची झाली. नाव ठेवायला ये.' जासूद चिठ्ठी घेऊन धावत गेला आणि आठव्या दिवशी धापा टाकत परत आला. म्हणाला, "महाराज, निंबापूर पालथं घातलं. बकुळा नावाची बाई त्या गावात कुणी नाही."

"असं कसं?" राजा म्हणाला. पण मांडव घालायचा होता, लाडू वळायचे होते. मग तो म्हणाला, "बघू नंतर." आणि चिठ्ठी मुकुटाच्या पेटीत ठेवून दिली. चुकलं की नाही? चुकलंच. स्वतः उठून जायचं ना! पण त्याचं आपलं नेहमीचं, म्हशीकडे कोण बघणार.

बाराव्या दिवशी बारसं झालं. आत्या नाही म्हणून राणीची बहीण, म्हणजे बाळाची मावशी, पाळण्यावर वाकली आणि तिनं कुर्र्र केलं. तिनं नाव ठेवलं... काय बरं ठेवलं? बघा, मलाही आठवत नाही. का आठवत नाही ते आता ऐका.

तिकडे निंबापूरला एक कासारीण बांगड्या भरायला गेली होती. तिच्या तोंडून आत्याला कळलं, भावाच्या घरी पाळणा हलला. आत्या हातातलं काम टाकून निघाली. सात डोंगर चालली. काखेत बाळासाठी शिवलेलं झबलं. माहेरच्या दारात येते तो काय! आत्याच्या जागी मावशी! पायांवरची धूळसुद्धा धुतली नाही हो तिनं. दारातूनच म्हणाली, "मला न बोलावता नाव ठेवलंत ना? मग सूर्य मावळला की गळून पडेल ते नाव!" एवढं बोलून झबलं उंबऱ्यावर ठेवलं, पाठ फिरवली आणि घोटभर पाणीही न पिता गेली. राजा हातात लाडू घेऊन उभाच. तो दाराशी पोचेपर्यंत रस्त्यावर नुसता फुफाटा.

त्या काळी बोललेले शब्द खरे व्हायचे, बरं का. म्हणून माणसं जपून बोलायची. ही रागात बोलली.

झालं. सूर्य मावळला आणि बाळाचं नाव गळून पडलं. कुणाला म्हणजे कुणालाच आठवेना. दुसऱ्या दिवशी राणीनं दुसरं नाव ठेवलं, तेही संध्याकाळी गळलं. मग त्यांनी उपाय केले. पहिल्यांदा सोनाराकडून सोन्याच्या पानावर नाव कोरून घेतलं. संध्याकाळी पान कोरं. मग गोंदणारणीला बोलावून इवल्याशा हातावर नाव गोंदलं. रडून रडून घर डोक्यावर घेतलं पोरीनं, आणि संध्याकाळी हात स्वच्छ. मग राजानं दवंडी पिटवली. दवंडीवाला सकाळपासून ओरडत होता, आणि संध्याकाळी चौकात उभा राहून म्हणाला, "ऐका हो ऐका, राजकन्येचं नाव आहे... आहे... काहीतरी आहे हो!"

मुलगी मोठी व्हायला लागली. रोज सकाळी राणी वेणी घालता घालता नवं नाव ठेवायची. आधी देवींची नावं झाली, मग नद्यांची, मग फुलांची. तीही संपली. एका सोमवारी तर घाईघाईत तिचं नाव 'दोडका' ठेवलं होतं. हसू नका. दिवसभर तिनं त्यालाही ओ दिली, इतकी गुणाची पोर. शाळेत पंतोजी हजेरी घेताना सगळ्यांची नावं घ्यायचे आणि शेवटी पागोटं खाजवत म्हणायचे, "आणि ती."

"हजर," मुलगी म्हणायची.

तिला तशी सवय झाली होती. पण ती दहा वर्षांची असताना गावात जत्रा भरली. मुलगी पाळण्यात बसली, रेवड्या खाल्ल्या, आणि गर्दीत तिचा हात आईच्या हातातून सुटला. तेवढ्यात सूर्य मावळला. आता हाक मारायची कशी? राजा ओरडत सुटला, "अगं ए! अगं ए पोरी!" तर चाळीस पोरींनी माना वळवल्या. मुलगी रेवडीवाल्याच्या मागे बसून ऐकत होती. कुणीतरी कुणालातरी हाका मारतंय, आवाज रडवेला झालाय, हे तिला ऐकू येत होतं. पण ती हाक आपल्याला आहे हे तिला कळणार कसं? शेवटी रेवडीवाल्यानंच तिला उचलून राजाजवळ आणून दिलं. राजानं तिला इतकं घट्ट धरलं की त्याचा मुकुट तिच्या कपाळाला टोचला.

त्या दिवशी मुलीनं ठरवलं. दुसऱ्या सकाळी राणी वेणी घालायला बसली तेव्हा ती म्हणाली, "आई, आज नाव ठेवू नकोस. मी आत्याकडे जाते. ती देईल तेच घेऊन येते."

राजानं मुकुटाच्या पेटीतून ती जुनी चिठ्ठी काढली. पिवळी पडली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही का नाही गेलात हो इतकी वर्षं?"

राजा म्हणाला, "आधी लाज वाटली. मग उशीर झाला म्हणून आणखी लाज वाटली. आता मला ती दारात उभं करायची नाही गं." आणि मग एकदम हसायलाच लागला. डोळ्यांत पाणी, आणि हसतोय. "अगं, लहानपणी मी तिला एक थाप मारली होती. मोराला तीन पाय असतात म्हणून. दोन चालायचे आणि एक नाचायचा. तिला ते खरंच वाटलं. रोज अंगणात तीन पायांच्या मोराची रांगोळी काढायची. खरं सांगायचं राहूनच गेलं."

राणीनं तीन लाडू बांधून दिले. राजानं जायला लगेच परवानगी दिली. मला तेव्हाच जरा शंका आली होती, पण ते पुढे सांगते.

मुलगी निघाली. चालता चालता पहिला डोंगर लागला. तिथे वडाच्या झाडावर राहत होता एक राक्षस. धप्पकन खाली उडी मारली त्यानं. हे एवढाले दात! म्हणाला, "वा वा, न्याहारी! सांग तुझं नाव."

"नाव कशाला?" मुलगी म्हणाली.

"माझ्या आईची शिस्त आहे. ज्याला खायचं त्याचं नाव घ्यायचं, हात जोडायचे, मग घास. असं हादडायला आपण काय जनावर आहोत?"

"पण मला नावच नाही."

"नाव नाही?" राक्षस मटकन खाली बसला. डोकं खाजवलं. दात कोरले. "मग मी तुला खाऊ कसा? बरं, मीच ठेवतो एखादं."

"ठेवा की. पण तुम्ही माझी आत्या आहात का?"

"छे!"

"मग टिकायचं नाही."

राक्षसाच्या डोळ्यांत पाणी आलं. भूक लागली की राक्षससुद्धा लहान होतो, बरं का. मुलीला वाईट वाटलं. तिनं शिदोरीतून एक लाडू काढला. राक्षसानं संशयानं विचारलं, "याला नाव आहे?"

"आहे. बेसनाचा लाडू."

राक्षसानं हात जोडले, "बेसनाच्या लाडवा, तुला खातो," म्हणाला, आणि गट्टम. मग मुलीला खांद्यावर बसवून एकेका ढांगेत एक डोंगर असे चार डोंगर ओलांडून दिले, आणि परत जाऊन वडाखाली घोरत पडला.

मग लागली एक बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. मुलगी पाणी प्यायला वाकली, तर पायरीवर एक बेडूक. म्हणाला, "मी खरा राजपुत्र आहे. माझ्याशी लग्न कर."

"मी दहा वर्षांची आहे," मुलगी म्हणाली. "आणि तुम्ही बेडूक आहात."

"तेच तर! शाप आहे मला. उखाण्यात नाव घेतलं की मी माणूस होणार. उखाणा शंभर वर्षं तयार आहे, फक्त नवरीच्या नावाची जागा रिकामी. ऐक: 'शंभर वर्षं पाण्यात, जीव झाला ओला, अमुकतमुकचं नाव घेतो, पंचा द्या मला.' चांगला आहे ना? सांग, तुझं नाव काय?"

"नाव नाही मला."

बेडकानं डोळे फिरवले. "शंभर वर्षांनी एक मुलगी आली, तीही बिननावाची!" मग मुलीनं त्याला दुसऱ्या लाडवातला चुरा दिला, उरलेला स्वतः खाल्ला. तो टुणकन तिच्या गाठोड्यावर बसला. म्हणाला, "मीही येतो. वाटेत कुणी नाव असलेली भेटली तर बघू."

दोघांनी आणखी डोंगर पार केले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आलं निंबापूर. आतापर्यंत नाव नव्हतं म्हणून तिचं भलंच झालं होतं की नाही? आता बघा. तिनं पाणवठ्यावरच्या बायकांना विचारलं, "बकुळाआत्या कुठे राहते?"

"बकुळा? इथे कुणी बकुळा नाही हो बाळ."

तिनं वाण्याला विचारलं. देवळातल्या गुरवाला विचारलं. बकुळा कुणालाच ठाऊक नाही. मुलगी पारावर बसली. इतकं चालून आली, आणि आत्याही बिननावाची निघाली! तिला वाटलं, आता आपण जन्मभर 'आणि ती'च राहणार. तिला रडू फुटलं. बेडकानं गाठोड्यावरून तिचे डोळे पुसायचा प्रयत्न केला, पण तो स्वतःच ओला.

रडून झाल्यावर मात्र ती उठली. जासूद इथूनच परत गेला होता ना, ही नाही गेली. एकेक गल्ली, एकेक दार बघत निघाली. आणि शेवटच्या गल्लीत, शेवटच्या दारात, तुळशीपुढे तिला दिसली रांगोळी. रांगोळीत मोर. पिसारा छान, चोच छान. आणि पाय किती?

तीन! बरोब्बर.

मुलीला एकदम हसूच आलं. तेवढ्यात घरातून एक बाई बाहेर आली. कपाळावर मोठं कुंकू, हाताला रांगोळी लागलेली. म्हणाली, "काय गं पोरी, हसतेस काय?"

"मोराला तीन पाय?"

"असतातच. दोन चालायचे, एक नाचायचा. माझ्या दादानं सांगितलंय मला."

"माझ्या बाबांनी मला सांगितलंय," मुलगी म्हणाली, "की त्यांनी ती थाप मारली होती."

बाई बघतच राहिली. तिचे गाल बघितले, दोन्ही फुगलेले. आणि बोलून गेली, "नाव काय गं तुझं, बाळ?" आणि विचारताक्षणी तिनं तोंडावर हात ठेवला. आपणच काय करून ठेवलंय ते तिला आठवलं.

मुलगी म्हणाली, "नाव नाही. मी तुझी भाची. आत्या, मी आलेय."

दहा वर्षं त्या बाईला कुणी आत्या म्हणून हाक मारली नव्हती. ती रांगोळीतच मटकन बसली. मोराचा एक पाय पुसला गेला, नेमका तिसरा. मुलीनं तिच्या हातात चिठ्ठी दिली. आत्यानं वाचली. पुन्हा वाचली. "बोलावलं होतं का गं मला? मी समजले, माहेरानं मला टाकलं."

"बाबांनी जासूद पाठवला होता. पण बकुळा नावाचं इथे कुणी नाही म्हणाले."

"कसं असेल? लग्नात माझं नाव बदललं की. इथे मी सत्यभामा. बकुळा इथे कुणालाच माहीत नाही." आत्यानं चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "किती वर्षांनी वाचलं गं हे नाव. पण नवं नाव दादाला माहीत होतं ना! लग्नात ताटभर तांदळावर अंगठीनं लिहून सगळ्या मांडवाला वाचून दाखवलं होतं. हा कुठे होता तेव्हा?"

"मांडवामागे होतो," गोठ्यातून आवाज आला.

आणि गव्हाणीमागून कोण उभं राहिलं? राजा! मुकुटात कडब्याचं चिपाड अडकलेलं. एकट्या पोरीला सोडवेना, आणि समोर यायचं धाडस होईना, म्हणून तो सबंध वाट मागे मागे लपत आला होता. राक्षसाजवळून गेला तेव्हा तो घोरत होता, म्हणून वाचला, आणि मग रात्रभर धावत त्यानं पोरीला गाठलं. राजा म्हणाला, "मी मांडवामागे तोंड लपवून रडत होतो गं. तू जाणार म्हणून. नाव मला ऐकूच आलं नाही. आणि मग सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणाला विचारू, म्हणून विचारलंही नाही. चुकलं माझं, बकुळे."

आत्या उठली, त्याच्या मुकुटातलं चिपाड काढलं, आणि मग मात्र मोठ्यानं रडली. तोही रडला. बेडूक म्हणाला, "मला वाटलं, मीच ओला."

मग आत्यानं डोळे पुसले आणि पदर खोचला. मुलीला ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसवलं. पाळण्यात मावण्याचं वय राहिलं नव्हतं ना! शेजारच्या बायका जमल्या. आत्या तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "माझं एक नाव माहेरीच राहून गेलंय. चांगलं आहे. इथे ते कुणाला लागत नाही. बकुळीचं फूल वाळलं तरी वास धरून असतं, तसंच आहे ते. ते तू घे. कुर्र्र... बकुळा."

एक म्हातारी म्हणाली, "अगं, जित्या माणसाचं नाव ठेवतात होय?" आत्या म्हणाली, "ते नाव मोकळंच होतं." मग धपाटे! पहिला धपाटा मुलीनंच घातला, दुसरा राजानं, आणि त्याचा जरा जोरातच लागला.

पण नाव टिकणार का? सूर्य अजून मावळायचा होता. सगळे ओसरीवर बसले. आत्याचे यजमान शेतावरून आले, तेही येऊन बसले. सूर्य डोंगराला टेकला. अर्धा गेला. मुलीनं आत्याचा हात घट्ट धरला. सूर्य गेला. राजानं घसा खाकरला. त्यानं हाक मारली, "बकुळा!"

"ओ!" म्हणाली मुलगी.

"ओ!" म्हणाली आत्या.

दोघी एकदम! मग जो काही हशा पिकला, तो निंबापूरला तीन दिवस पुरला. फक्त आत्याचे यजमान रुसले. म्हणाले, "म्हणजे मोराला दोनच पाय असतात, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही?"

बेडकाचं काय झालं? आत्या त्याला म्हणाली, "उखाण्यात बायकोचंच नाव घ्यायचं असं शापात म्हटलंय का? आईचं घे की." त्यानं आईचं नाव घेतलं आणि झाला की राजपुत्र. पण शंभर वर्षं पाण्यात, त्यामुळे सर्दी ती कायमची.

मग सगळे आत्याच्या माहेरी निघाले. वाटेत वडाखाली राक्षस उभा. "मिळालं का नाव?"

"हो. बकुळा."

राक्षस खूश झाला. हात जोडले, म्हणाला, "बकुळा, तुला खातो." तर दोघींनी एकदम "ओ" दिली. आता यातली कुठली बकुळा? आईनं हे काही शिकवलं नव्हतं. तो विचार करत बसला. मग आत्यानं त्याला तिसरा लाडू दिला आणि आपल्याबरोबरच घेऊन गेली. तो आता राजाच्या म्हशीला वैरण टाकतो. रोज आधी म्हशीचं नाव विचारतो, पण ते फक्त नमस्कारापुरतं.

आणि दर वर्षी राजा स्वतः बहिणीला न्यायला जायला लागला. अंगणात दोन बकुळा शेजारी शेजारी बसून रांगोळी काढायच्या, आणि मोराला पाय तीनच. अशी सगळी माणसं सुखात राहिली. संपली गोष्ट. झोपा आता. अद्वय तर केव्हाच झोपला बघ.

तू का जागी, चार्वी? काय? माझं? अगं, बदललं होतं ना माझंही, सगळ्यांचंच बदलायचे तेव्हा. आता कुणाला ठाऊक आहे ते! ठाऊक असलेली माणसं सगळी गेली. नको गं. तुझं आपलं काहीतरीच. बरं, कान इकडे कर. हं. आवडलं? मग एकदा हाक मार बघू मला. हळू, तो उठेल.

ओ.

झोप आता.